फसले की फसवलं? तक्रारीत शब्द कसा निवडावा

गोव्यात डिचोलीच्या बाजाराजवळ एका टायपिंगच्या दुकानात मी तेवीस वर्षं अर्ज लिहून देते. पंचायत, मामलेदार कचेरी, वीज खातं, बँक, पोलीस ठाणं, जिथं जायचं तिथला कागद. आमच्या डिचोली-सत्तरीकडे माणूस बोलतो कोकणीत आणि लिहायला बसला की मराठीत लिहितो. घरातल्या जुन्या वह्या, देवळाचे हिशेब, जत्रेच्या नाटकाच्या जाहिराती, सगळं मराठीत. १९८७च्या कायद्यानं कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा राहिली. म्हणून माझ्याकडचे निम्म्याहून जास्त अर्ज मराठीतच असतात.

आठवड्यातून दोन-तीन माणसं तरी अशी येतात, ज्यांचे पैसे गेलेले असतात. समोरच्या स्टुलावर टेकतात, पिशवी मांडीवर घेतात आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं, "बाय, हांव फसलों." तेच मराठीत करून लिहून द्या, असं त्यांना वाटतं. मी ते तसं लिहीत नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय लिहिते, ते इथं सांगते. ज्यांना स्वतःचा अर्ज स्वतः लिहायचा आहे त्यांच्यासाठी हे आहे.

हे मी एका चुकीतून शिकले. १९९९ साली माझ्या थोरल्या भावाला आखातात नोकरी लावून देतो म्हणून एका माणसानं वडिलांकडून पंचेचाळीस हजार रुपये घेतले. आईच्या पाटल्या मोडून उभे केलेले पैसे होते ते. पासपोर्टही घेतला. तीन महिन्यांनी त्याचा फोन बंद, खोलीला कुलूप. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, घरात अक्षर बरं माझंच, म्हणून तक्रार मी लिहिली. त्यातलं मुख्य वाक्य मला आजही पाठ आहे : "माझे वडील सदर इसमाच्या गोड बोलण्याला भुलले व फसले." टेबलामागच्या माणसानं ते वाचलं, कागद खाली ठेवला आणि विचारलं, "भुलले तुमचे वडील. फसले तुमचे वडील. त्या माणसानं काय केलं?"

वडील शेजारी उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. मला तेव्हा त्या माणसाचा राग आला होता. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता. माझ्या वाक्यात दोन क्रियापदं होती आणि दोन्हींचे कर्ते माझे वडील होते. ज्यानं पैसे घेतले तो नुसता "सदर इसमाच्या" म्हणून षष्ठीत बसला होता. मी घरी येऊन ते वाक्य पुन्हा लिहिलं : "सदर इसमाने नोकरी लावून देतो असे खोटे सांगून माझ्या वडिलांकडून रु. ४५,००० घेतले." पैसे परत आले नाहीत, पण तक्रार घेतली गेली.

कर्ता कोण, ते आधी बघा

मराठीत या कुळातली क्रियापदं जोडीनं येतात. चुकणे–चुकवणे, फसणे–फसवणे, भुलणे–भुलवणे, ठकणे–ठकवणे, गंडणे–गंडवणे. पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक, हे व्याकरण शाळेत झालेलं असतं. तक्रारीत त्याचा अर्थ एवढाच की पहिल्यात जे झालं ते तुमच्या अंगावर राहतं आणि दुसऱ्यात ते करणाऱ्याच्या अंगावर जातं. "मी फसलो" म्हटलं की करणारा वाक्यातून बाहेर. "त्याने मला फसवलं" म्हटलं की तो समोर उभा.

शिवाय "फसणे" हा शब्द फसवणाऱ्याशिवायही चालतो. बेत फसतो, प्रयोग फसतो, लाडवाचा पाक फसतो. तिथं कोणी लबाडी केलेली नसते. म्हणून "माझा व्यवहार फसला" असं लिहिलंत तर वाचणारा समजेल की धंद्यात खोट आली. फसवलं गेलात हे त्यातून कळत नाही.

फसगत आणि फसवणूक यांचंही तसंच. लोक दोन्ही एकच समजून लिहितात आणि मला ते दर वेळी दुरुस्त करावंसं वाटतं. मयसभेत दुर्योधन जमिनीला पाणी समजून वस्त्रं वर धरतो आणि पुढे पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. ती त्याची फसगत. त्याला तिथं कोणी हाताला धरून नेलं नव्हतं, खोटं सांगितलं नव्हतं. डोळ्यांना भास झाला. पुढं द्यूतात शकुनी फासे टाकतो ती फसवणूक, आणि तिला कपट म्हणतात. एकाच कथेत दोन्ही आहेत. आमच्याकडे कीर्तनाला जाऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी हेच सांगते आणि त्यांना ते लगेच पटतं.

सीताहरणातही बघा. सीता कांचनमृगाला भुलली. मारीचानं रामाच्या आवाजात हाक मारून लक्ष्मणाला हूल दिली. रावणानं यतीचा वेष घेऊन सीतेला ठकवलं. तीन माणसं, तीन क्रियापदं, आणि एकही दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. भुलण्यात आपलं मन ओढलं जातं. हूल म्हणजे खोटी चाहूल देऊन भलतीकडे पळवणं. पाऊस आभाळ भरून येतो आणि पडत नाही तेव्हा हुलकावणी देतो म्हणतो, ती याच घराण्यातली. ठकवणं म्हणजे खोटं रूप किंवा खोटं बोलणं पुढं करून दुसऱ्याकडून काही काढून घेणं.

तक्रारीचं मुख्य वाक्य

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं ते एका अर्जावरून दाखवते. गेल्या पावसाळ्यात सत्तरीतून एक मावशी आल्या, वय सत्तरच्या आसपास, एकट्या राहणाऱ्या. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्यांना फोन आला. मागच्या महिन्याचं बिल नोंद झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईन कापणार. बोलणाऱ्यानं आपण वीज खात्यातून बोलतो असं सांगितलं. फोनवर एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरून बघा म्हणाला. दहा रुपये भरले आणि पुढच्या काही मिनिटांत खात्यातून चोवीस हजार आठशे गेले.

मावशी मला सांगताना सारख्या म्हणत होत्या, "म्हजीच चूक गो बाय." त्यांच्या भाच्यानं अर्जाचा कच्चा मजकूर आणला होता. तो असा : "मी अज्ञानामुळे व घाबरल्यामुळे चुकून ॲप डाउनलोड केले आणि माझी फसगत होऊन माझे रु. २४,८०० गेले. तरी कृपया मदत करावी."

वाक्य नम्र आहे, मराठी शुद्ध आहे. आणि वाक्याला कर्ता हवा तिथं मावशी आहेत, क्रियापद हवं तिथं "चुकून केले" आणि "गेले" आहे. पैसे आपोआप गेल्यासारखे. आम्ही ते असं केलं :

"दिनांक अमुक रोजी सायंकाळी सुमारे ७.१० वाजता मला अमुक क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्या इसमाने आपण वीज खात्याचा कर्मचारी असल्याचे खोटे सांगितले. बिल भरले नाही तर त्याच रात्री वीज तोडण्यात येईल अशी भीती घालून त्याने मला फोनवर एक ॲप घेण्यास लावले व त्याद्वारे माझ्या खात्यातून माझ्या संमतीशिवाय रु. २४,८०० काढून घेतले. असे करून सदर इसमाने माझी फसवणूक केली आहे."

यात चार गोष्टी ओळीनं आहेत : तो काय खोटं बोलला, त्या खोट्यानं तुम्हाला काय करायला लावलं, त्यातून त्यानं काय घेतलं, आणि हे कधी झालं. "फसवणूक" हा शब्द शेवटी येतो. आधी घडलेलं सांगायचं, मग त्याला नाव द्यायचं. नुसतं "माझी घोर फसवणूक झाली, मला न्याय द्या" असं दोन पानं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "घोर", "अक्षम्य", "निर्लज्जपणे" अशी विशेषणं मी काढून टाकते. अर्जदाराला कधी कधी वाईट वाटतं, पण तारीख, वेळ आणि रक्कम यांचं वजन त्या विशेषणांपेक्षा जास्त असतं.

इथं भाषेबाहेरची पण फार गरजेची गोष्ट : फोनवरून किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील तर अर्ज लिहायला बसण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर गुन्ह्यांसाठीचा तो राष्ट्रीय क्रमांक आहे. जितका लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा. मावशी तिसऱ्या दिवशी आल्या होत्या, कारण दोन दिवस लाजेनं कोणाला सांगितलंच नव्हतं.

ती लाज शब्दांतूनही येते, म्हणून मी या शब्दांच्या एवढी मागं लागते. "आमिषाला बळी पडले" हा बातम्यांतला ठरलेला वाक्प्रयोग. "आमिष दाखवून" असं लिहिलं तर दाखवणारा कर्ता राहतो. "बळी पडले" लिहिलं की वाचणारा मनात म्हणतो, लोभी असणार. माझ्या वडिलांना कसलाही लोभ नव्हता. मुलाला नोकरी हवी होती.

कायद्यातले शब्द आणि त्यांच्या हद्दी

भारतीय दंड संहितेच्या मराठी अनुवादात "ठकवणूक" हा शब्द आहे आणि दुसऱ्याचं नाव-रूप घेऊन केलेल्या ठकवणुकीला "तोतयेगिरी". कलम ४२० सगळ्यांना माहीत, इतकं की "चारसोबीस" हे माणसाचं विशेषण झालं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ठकवणूक आता ३१८व्या कलमात आहे, तोतयेगिरी ३१९मध्ये. त्या तारखेआधी घडलेल्या गोष्टीला जुनीच संहिता लागते. कलम तुम्ही लिहायची गरज नाही. घडलं ते नीट लिहा, कलम लावणं पोलिसांचं काम.

तोतया हा शब्द आपल्या इतिहासातून आलेला, म्हणून मला तो आवडतो. १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी मीच भाऊ म्हणत एक माणूस उभा राहिला. पुष्कळांनी त्याला मानलं. १७७६ साली त्याला देहदंड झाला. वीज खात्याचा माणूस म्हणून फोन करणारा, पोलीस अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून बसणारा, तो तोतयाच. "फेक ऑफिसर" लिहायच्या ऐवजी "तोतया अधिकारी" लिहा.

फसवणूक आणि शब्द फिरवणं यांत मात्र कायद्यानं मोठं अंतर ठेवलं आहे आणि अर्ज लिहिणाऱ्यांची सर्वांत जास्त गल्लत इथं होते. ठकवणुकीत पहिल्यापासूनच मनात लबाडी असावी लागते. घराचं छप्पर शाकारायला ठेकेदारानं आगाऊ रक्कम घेतली, आठ दिवस काम केलं, मग येईनासा झाला, फोन उचलेना. यात त्यानं शब्द पाळला नाही, बोलणं मोडलं, काम अर्धवट टाकलं. सुरुवातीपासून त्याला करायचंच नव्हतं असं दिसत नसेल तर "फसवणूक" हा शब्द तिथं टिकत नाही. अशा वेळी ग्राहक आयोगाकडे जायचं आणि तिथला शब्द "सेवेतील त्रुटी" किंवा, व्यवहारात खोटी जाहिरातबाजी असेल तर, "अनुचित व्यापारी प्रथा".

आणि पैसे तुम्ही विश्वासानं सांभाळायला दिले होते, ते त्यानं खाल्ले, तर त्याला "अपहार" म्हणा. सोसायटीचे, देवळाच्या वर्गणीचे, भिशीचे पैसे. घेतले तेव्हा कोणी खोटं बोललं नव्हतं, नंतर हात मारला. आकड्यांत इकडचं तिकडं केलं असेल तर अफरातफर. बोलताना आपण या सगळ्याला "खाल्ले" म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण कागदावर कोणत्या रीतीनं खाल्ले ते यायला हवं.

बाजारातले शब्द बाजारात

टोपी घातली, शेंडी लावली, चुना लावला, मामा बनवला, गंडवलं. हे बोलीतले. मला ते परके नाहीत, दिवसभर ऐकते. पण तक्रारीत नकोत, कारण त्यांत जखमेपेक्षा चेष्टा जास्त दिसते. पैसे गेलेल्या माणसाला बाजारात "कसा मामा केला रे तुका" म्हणणारे खूप भेटतात.

"गंडा" बातम्यांत रोज असतो : पाच लाखांचा गंडा. आमच्या गोव्यात हा शब्द जपून वापरावा असं मला वाटतं. इथं गाणं शिकणाऱ्या मुलाला गुरू गंडा बांधतात आणि घरात पेढे वाटले जातात. फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, कुर्डीच्या मोगूबाईंनाही त्यांचीच तालीम मिळाली. त्या परंपरेत गंडा म्हणजे गुरूनं आपलं म्हटल्याची खूण. गंडा बांधणं आणि गंडा घालणं, क्रियापद बदललं की अर्थ उलटा. मथळ्यात क्रियापद गाळून नुसतं "गायकाला गंडा" छापलं तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

मासळीबाजारात मात्र काही शब्द इतके नेमके आहेत की ते मी अर्जातही ठेवते. "माथी मारणे" किंवा "गळ्यात मारणे" : नको असलेला, खराब माल घ्यायला लावणं. बर्फातला चार दिवसांचा बांगडा ताजा म्हणून देतात. कल्ला उचलून बघितला तर आत लाल नसून तपकिरी, डोळा आत गेलेला, पोट दाबलं तर बोट रुततं. हे फसवणुकीपेक्षा छोटं आहे, पण "माथी मारला" म्हटलं की काय झालं ते पूर्ण कळतं. "काटा मारणे" म्हणजे वजनात कमी देणं. हा आरोप आहे, त्याला वजनमापं खात्याकडे जागा आहे, म्हणून तो करण्याआधी दुसऱ्या काट्यावर वजन करून बघा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

"हातावर तुरी देणे" मात्र हमखास चुकीचा येतो. "त्याने माझ्या हातावर तुरी दिल्या" असं एकानं पैसे बुडवल्याबद्दल लिहून आणलं होतं. हातावर तुरी देणं म्हणजे पकडीतून निसटून पळणं. गुंगारा देणं त्याच्याजवळचं. चोर पोलिसांच्या हातावर तुरी देतो. हक्काचं मिळायचं होतं ते न देता रिकाम्या हाती पाठवणं याला "तोंडाला पाने पुसणे". जवळच्या माणसानं, विश्वासात घेऊन घात केला तर "केसाने गळा कापणे". हा शेवटचा मी फार क्वचित लिहिते. घरच्या माणसाबद्दल एकदा कागदावर आला की पुसता येत नाही.

शेजारच्या भाषांतून येणारा घोटाळा

कोकणीत "फट" म्हणजे खोटं आणि "फटवप" म्हणजे फसवणं. म्हणून आमच्याकडची मुलं मराठीत "त्याने मला फटवलं" लिहितात. सावंतवाडीपर्यंत समजेल, पुण्यात नाही. उलट "फट् म्हणता ब्रह्महत्या" ही मराठी म्हण आपल्याकडे "खोटं बोललं की पाप लागतं" अशी समजली जाते. तिचा अर्थ वेगळा आहे : अगदी क्षुल्लक कारणानं, नुसता तोंडातून शब्द निघाला म्हणून मोठा दोष अंगाला चिकटणं.

हिंदीतून आलेले तीन शब्द जास्त घातक. "धोका" मराठीत संकट : धबधब्याजवळ पाटी असते, पुढे धोका आहे. हिंदीत तो दगा. "त्याने धोका दिला" आता सर्रास चालतं. मी "दगा दिला" लिहिते. "भूल" हिंदीत चूक; मराठीत शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात ती भूल, किंवा मोहात पडण्याची भूल. "माझी भूल झाली" हे मराठी वाक्य नाही. तरी दुकानदाराच्या बिलाखाली "चूकभूल देणेघेणे" असतंच, तिथली भूल म्हणजे विसरणं, आणि ते जुनं मराठीच आहे.

तिसरा "चुकवणे". एका मुलानं मोटारसायकलच्या कर्जासंबंधी बँकेला लिहिलेलं पत्र तपासायला आणलं. त्यात होतं, "मी मार्चपर्यंतचे सर्व हप्ते चुकवले आहेत." त्याला हिंदीतल्या "चुकाना"सारखं म्हणायचं होतं, भरले आहेत. मराठीत चुकवणं म्हणजे टाळणं : कर चुकवला, नजर चुकवली, शाळा चुकवली. त्यानं स्वतःच्या सहीनं कबुली लिहून दिली होती की एकही हप्ता भरला नाही. फेडला असेल तर "चुकता केला". एखादा राहिला असेल तर "चुकला". मुद्दाम टाळला असेल तर "चुकवला". एका अक्षराचा फरक आहे, म्हणून हे तीन शब्द मी त्या मुलाला तिथंच वहीवर लिहून दिले.

फसवणूक नसते तेव्हा

आतापर्यंत मी दोष करणाऱ्यावर टाका म्हणत आले. पण दुसऱ्या बाजूनंही शब्द तितकाच जपावा लागतो, आणि ही बाजू मला जास्त जड वाटते.

२०२२ साली गोव्यात बनावट कागदपत्रं करून जमिनी बळकावल्याची प्रकरणं बाहेर आली, सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्यानंतर बरेच लोक आपापल्या जमिनीचे उतारे काढून बघू लागले, हे चांगलंच झालं. त्या दिवसांत एक गृहस्थ आले. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, हातात, आवाज चढलेला. धाकट्या भावानं फसवून जमीन स्वतःच्या नावावर केली, पोलिसांत द्यायचं, आत्ताच्या आत्ता लिहा. मी कागद मागितला. कब्जेदाराच्या रकान्यात भावाचं नाव होतं, खरंच. मग त्यांच्याकडची जुनी वाटणीची प्रत बघितली. वडिलांच्या हातची, शाई उडालेली. सर्व्हे नंबर एकच, पण पोटहिस्सा ३ की ८ ते नीट लागत नव्हतं. यांनी ८ वाचून उतारा काढला होता. मी म्हटलं, काका, ३चा काढून आणा, मग लिहू. दुसऱ्या दिवशी ते आले. ३च्या उताऱ्यावर त्यांचं नाव होतं.

तिथं कोणी फसवलं नव्हतं. ती गल्लत होती. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची अदलाबदल झाली की गल्लत. लक्ष न दिल्यानं हातून सुटलं की गफलत. सगळंच एकमेकांत अडकलं की घोळ. समोरच्याच्या बोलण्याचा भलता अर्थ घेतला तर गैरसमज. काय खरं ते ठरत नसेल तर संभ्रम, आणि नसलेलं खरं धरून माणूस चालत राहिला तर भ्रम. त्या गृहस्थांनी "भावाने हडपली" असा कागद दिला असता तर भावाला ठाण्यावर बोलावलं गेलं असतं. चतुर्थीला दोघांचा गणपती एकाच घरात बसतो.

म्हणून कोणावर आरोप लिहिण्याआधी मी एक विचारते : त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असून खोटं बोलला तर फसवणूक. त्यालाच चुकीचं ठाऊक होतं तर चुकीची माहिती. ठाऊक होतं की नाही हे तुम्हाला सांगता येत नसेल तर "खोटे सांगितले" असं न लिहिता "असे सांगितले, प्रत्यक्षात तसे नाही" एवढंच लिहा. पुढचं तपासात निघेल.

स्वतःची चूक कबूल करायची असेल तर सरळ करा. दाखल्यावर आडनाव चुकलं, फॉर्मवर तारीख उलटी पडली, अशा दुरुस्तीच्या अर्जात "नजरचुकीने" लिहावं, जर डोळ्यांसमोर असून दिसलं नसेल. लक्षातच आलं नसेल तर "अनवधानाने". माहीतच नव्हतं तर "माहिती नसल्याने". "माझ्याकडून चूक झाली" हे वाक्य अर्जात पुरेसं आहे. "चूक घडली गेली असल्याचे निदर्शनास आले आहे" या वाक्यात चूक कोणाची ते शोधायला कंदील लागेल; कार्यालयातली पत्रं अशी येतात, पण तुम्ही तसं लिहू नका.

मावशींचा अर्ज टाइप झाल्यावर मी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. सही करण्याआधी प्रत्येकाला वाचून दाखवावं, ज्याला वाचता येतं त्यालाही, कारण चुकीचा शब्द डोळ्यांना सापडत नाही तो कानाला सापडतो. "आपण वीज खात्याचा कर्मचारी असल्याचे खोटे सांगितले" इथं त्यांनी मान हलवली. "भीती घालून" ला थांबवलं आणि म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. "हय," त्या म्हणाल्या, "ताणें म्हाका भेश्टायलें. तें अशेंच बरय." भेश्टायलें म्हणजे घाबरवलं, बरय म्हणजे लिही. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि नाव हळूहळू, पूर्ण, आडनावासकट लिहिलं.